मधली सात वर्षं कुठे गेली?

सर, सादर नमस्कार.

मी इंदूरच्या एका हिंदी माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. राहायला रामबागेत. दिवाळीच्या सुट्टीपासून गल्लीतल्या मराठी मुलांसाठी दर रविवारी सकाळी वाचनकट्टा चालवते. सहावी ते दहावीची बारा-चौदा मुलं येतात. मुद्दाम विज्ञानाची गोष्टीरूप पुस्तकं निवडली, काही मराठी, काही हिंदी, दोन-तीन इंग्रजी. पाठ्यपुस्तकात नुसते निष्कर्ष असतात. विज्ञान चालतं कसं, माणसं शोधापर्यंत पोचतात कशी, हे मुलांना कळावं एवढाच हेतू होता.

मुलं रमतात. पण जे कळावं म्हणून खटाटोप केला ते राहून भलतंच कळतंय असं वाटू लागलंय. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, हे सगळे जीनियसच होते ना, आपल्यासारख्यांचं काम नाही ते." आठवीतला एक मुलगा, चांगला चौकस आहे, प्लुटोचं प्रकरण वाचून म्हणाला, "हर दस साल में बदलतंच ना, मग याद कशाला करायचं?" त्याला न्यायला आलेले आजोबा दारातूनच म्हणाले, "म्हणून म्हणतो, विज्ञान रोज बदलतं, पत्रिका हजारो वर्षं तीच आहे." मुलं हसली आणि मला पटकन उत्तर सुचलं नाही. आमच्या प्राचार्यबाईंना कट्ट्याबद्दल कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, गोष्टींनी विज्ञान येत नाही, प्रयोग करून घ्या.

माझं साधनच चुकलं का? की पुस्तकं चुकली? चांगल्या पुस्तकांची यादी द्याल का?

— एक विज्ञान शिक्षिका, इंदूर

ताई,

यादी देत नाही, राग मानू नका. यादी दिली तर तुम्ही खजुरी बाजार पालथा घालाल, पिशवीभर पुस्तकं आणाल आणि पुढच्या दिवाळीला हेच पत्र मला पुन्हा लिहाल. तुमची पुस्तकं चुकलेली नाहीत. तुमच्या पत्रात मला एकच गोष्ट कुठे सापडली नाही, ती म्हणजे पुस्तकाला कुणी मध्येच अडवल्याची. मुलं वाचतात, ऐकतात, रमतात, पण "थांबा हो, हे तुम्हाला कळलं कसं?" असं पुस्तकाला कुणीच विचारत नाही.

ही पुस्तकं लिहिणाऱ्याला शेवट आधीच माहीत असतो. त्यामुळे तो वाट सरळ करून सांगतो. चुकलेली वळणं गाळतो, कंटाळवाणी वर्षं गाळतो, मदतनीस गाळतो. त्यात त्याचा दोष नाही, नाहीतर पुस्तक कोण वाचेल? पण तुम्हाला जे शिकवायचं आहे ते नेमकं त्या गाळलेल्या भागात आहे.

माझीच फजिती सांगतो. नोकरीला लागून फार दिवस झाले नव्हते. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या कार्यक्रमात मी माइकवरून ठणकावून सांगितलं, "आज सर सी. व्ही. रामन यांचा जन्मदिवस." कार्यक्रम संपला, मंडपवाला खुर्च्या उचलायला लागला, तेवढ्यात आठवीतली एक मुलगी लायब्ररीचं पुस्तक छातीशी धरून आली. "सर, यात तर सात नोव्हेंबर लिहिलंय." होतंच तसं. जन्म ७ नोव्हेंबर १८८८ चा. २८ फेब्रुवारी १९२८ हा शोधाचा दिवस. मी खजील झालो, पण घरी जाताना सायकलवर जाणवलं, की आज अख्ख्या शाळेत विज्ञान केलं ते त्या पोरीने. एकच गोष्ट दोघांनी वेगवेगळी सांगितली, मग बरोबर कोण आणि कशावरून, एवढंच तिने विचारलं.

आता रामन यांचंच घ्या, कारण तुमच्या त्या "जीनियस" म्हणणाऱ्या मुलीचं उत्तर तिथे आहे. मुलांच्या पुस्तकांत ही गोष्ट साधारण अशी येते: रामन बोटीतून परत येत होते, भूमध्य समुद्राचा निळा रंग पाहून त्यांना प्रश्न पडला, त्यांनी शोध लावला, नोबेल मिळालं. चार वाक्यं. मुलांना म्हणा, या चार वाक्यांना तारखा लावा. बोटीचा प्रवास १९२१ चा. शोध १९२८ चा. नोबेल १९३० चं. फळ्यावर एक लांब रेघ ओढा, एका टोकाला १९२१ लिहा, दुसऱ्या टोकाला १९२८, आणि मधली जागा कोरी ठेवा. मग विचारा: मधली सात वर्षं कुठे गेली?

पहिल्यांदा मुलं सांगतील, "विचार करत होते." करू द्या. मग एकेक भरत जा. बोटीवर रामन यांनी नुसतं समुद्राकडे बघून उसासा टाकला नव्हता. समुद्राचा निळा रंग म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब, असं लॉर्ड रॅली यांच्यासारख्या मोठ्या माणसाचं मत होतं. रामन यांच्याजवळ निकोल प्रिझम होतं. त्यातून विशिष्ट कोनातून पाहिलं की पाण्यावरून परावर्तित होऊन येणारा उजेड गाळता येतो. त्यांनी तो गाळला. निळा रंग गेला नाही, उलट खुलला. म्हणजे निळेपणात पाण्याचाही हात आहे. मग कलकत्त्याला परतून प्रकाश द्रवातून जाताना कसा विखुरतो, याच्या मोजण्या सुरू झाल्या. १९२३ मध्ये त्यांचे सहकारी के. आर. रामनाथन यांना द्रवात एक अंधुक, रंग बदललेला माग दिसला. तो दिसायला नको होता. सगळ्यांना वाटलं, द्रव शुद्ध नसेल. म्हणून पुन्हा शुद्ध केला. पुन्हा पाहिलं. माग जाईना. आणखी शुद्ध केला. तरी जाईना. पुढे के. एस. कृष्णन यांनाही तो दिसला. वेंकटेश्वरन यांना ग्लिसरीनमध्ये दिसला. ज्याला कित्येक वर्षं "अशुद्धी" समजून घालवायचा प्रयत्न चालला होता, तोच तो शोध होता: द्रवातून विखुरताना थोड्याशा प्रकाशाचा रंगच बदलतो.

इथे थांबा आणि त्या मुलीला विचारा, "१९२३ मध्ये रामनाथन काय करत होते?" उत्तर असं की ते द्रव पुन्हा पुन्हा शुद्ध करत होते आणि वैतागत असणार. हे काम तिला जमणार नाही असं ती म्हणणार नाही. रामन असामान्य बुद्धीचे होते हे खरंच, ते लपवायचं कारण नाही. पण त्यांच्या आसपास चार माणसं अशी होती जी शुद्ध करूनही न जाणाऱ्या एका पुसट रेघेवर अडून बसली होती. नोबेल एकट्या रामन यांना मिळालं. त्याच सुमाराला मॉस्कोत लँड्सबर्ग आणि मँडेलश्टाम यांना स्फटिकांमध्ये हाच परिणाम स्वतंत्रपणे सापडला होता, हेही सांगा. मुलं भांडतील: मग शोध कुणाचा? भांडू द्या, तासभर.

ही एक रीत झाली. दुसरी रीत माझी लाडकी आहे, तिला पुस्तकातलं एकच पान लागतं.

गॅलिलिओने गुरूचे चंद्र शोधले, हे वाक्य तुमच्या सगळ्या पुस्तकांत असेल. ते वाचूच नका. त्याऐवजी पुठ्ठ्याची पाच कार्डं करा. प्रत्येकाच्या मध्ये एक गोल, तो गुरू. डावीकडे पूर्व, उजवीकडे पश्चिम. पहिल्यावर ७ जानेवारी १६१०: डावीकडे दोन ठिपके, उजवीकडे एक. दुसऱ्यावर ८ जानेवारी: तिन्ही ठिपके उजवीकडे. तिसऱ्यावर ९ जानेवारी, आणि कार्ड कोरं. चौथ्यावर १० जानेवारी: दोनच ठिपके, दोन्ही डावीकडे. पाचव्यावर १३ जानेवारी: चार ठिपके. कार्डं एकदम दाखवायची नाहीत. पहिलं दाखवा आणि विचारा, हे काय असेल? सगळे म्हणतील, तारे. गॅलिलिओलाही तेच वाटलं होतं. दुसरं दाखवा. आता काय झालं असेल ते प्रत्येकाने वहीत लिहायचं, बोलायचं नाही.

मी हा खेळ बऱ्याच वेळा खेळलोय. "सर, भिंग पुसलं नसेल." "चित्र उलटं काढलं." "तारे सरकले." आणि एखादा हुशार म्हणतोच, "गुरूच सरकला असेल, ताऱ्यांच्या डावीकडे गेला." याला शाबासकी द्या, कारण गॅलिलिओचाही पहिला तर्क हाच होता. फक्त एक अडचण होती. त्या दिवसांत गुरू उलट्या दिशेने सरकत असायला हवा, असं ग्रहांची कोष्टकं सांगत होती. मग कोष्टकं चुकीची की तर्क? त्याने काय केलं? दुसऱ्या रात्रीची वाट पाहिली. आता तिसरं, कोरं कार्ड काढा. मुलं विचारतात, "यावर काहीच नाही?" नाही, कारण त्या रात्री ढग होते. मुलं हसतात. हसू द्या, पण ते कार्ड बाजूला ठेवू नका. रांगेत तिथेच राहू द्या.

दहा तारखेचं कार्ड आलं की गुरू सरकल्याचा तर्क कोसळतो. गुरू असा दोन रात्रींत इकडून तिकडे उड्या मारत नाही, म्हणजे हलतात ते ठिपके. मग तिसरा गेला कुठे? गुरूच्या आड असेल. हे त्याने पाहिलेलं नाही, मानलेलं आहे. "पाहिलं" आणि "मानलं" हे दोन शब्द त्या क्षणी फळ्यावर लिहा. तेरा तारखेला चार ठिपके दिसले की कुणीतरी आपसूक म्हणतं, "हे गुरूभोवती फिरतायत!" ते तुम्ही सांगायचं नाही, कितीही जीभ शिवशिवली तरी.

आणि मग शेवटी एक गंमत सांगा. पहिल्या रात्री ठिपके तीन दिसले, पण चंद्र तेव्हाही चारच होते. दोन इतके जवळ होते की वीसेक पट मोठं दाखवणाऱ्या त्याच्या दुर्बिणीला ते वेगळे दिसले नाहीत. डोळ्यांनी पाहिलेलंही पुरतं नव्हतं. आणखी वेळ असला तर हेही सांगा की गॅलिलिओने मार्च १६१० मध्ये घाईघाईने पुस्तक छापलं आणि चंद्रांना मेदिची घराण्याचं नाव दिलं, कारण त्याला फ्लॉरेन्सच्या दरबारात नोकरी हवी होती. ती त्याच वर्षी मिळालीही. मुलांना हे भयंकर आवडतं. नोकरीसाठी नाव ठेवलं म्हणून चंद्र खोटे ठरतात का, हा प्रश्न मात्र तुम्ही विचारा. तो त्यांना सुचत नाही.

गुरू संध्याकाळी वर दिसू लागला की गच्चीच्या कठड्यावर घट्ट टेकवलेल्या साध्या बायनॉक्युलरमधूनही हे ठिपके दिसतात. पाच रात्री मुलांकडून चित्रं काढून घ्या. ढग आले तर कोरं कार्ड.

न्यूटनच्या सफरचंदावर फार वेळ घालवू नका, पण एक रविवार द्या. कट्ट्यावरच्या सगळ्या पुस्तकांतून तो प्रसंग शोधायला लावा. कुठे सफरचंद डोक्यावर पडेल, कुठे पायाशी, कुठे न्यूटन झोपलेला असेल. ध चा मा कसा होतो ते मुलांना एका तासात दिसेल. मूळ हकिगत न्यूटनचे मित्र विल्यम स्ट्यूकली यांच्या लेखणीतून आली. १७२६ मध्ये म्हाताऱ्या न्यूटनने जेवणानंतर बागेत सफरचंदाच्या झाडाखाली बसून त्यांना ती सांगितली, आणि त्यांनी ती १७५२ मध्ये लिहून काढली. त्यात डोकं नाही. शिवाय सफरचंद १६६५-६६ च्या प्लेगच्या दिवसांतलं आणि गुरुत्वाकर्षणाचा ग्रंथ १६८७ चा. पुन्हा तोच प्रश्न: मधली वीस वर्षं कुठे गेली?

आता तुमचा तो आठवीतला पठ्ठ्या. त्याचा प्रश्न चांगला आहे आणि त्याला "असं नसतं रे" म्हणून गप्प करू नका. त्याने "बदलतं" या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्यात, त्या सोडवून द्या.

प्लुटोला काय झालं? प्लुटोला काहीच झालं नाही. १९३० साली क्लाइड टॉमबॉ यांना तो सापडला. सूर्याभोवतीच्या एका फेरीला त्याला सुमारे २४८ वर्षं लागतात, म्हणजे सापडल्यापासून त्याची एक फेरीसुद्धा पुरी झालेली नाही. मधल्या काळात त्याच्यासारखेच बरेच गोळे सापडले, २००५ मध्ये एरिस तर जवळपास त्याच्याच मापाचा निघाला. मग यालाही ग्रह म्हणायचं का, असे किती म्हणायचे, म्हणून २००६ मध्ये प्रागला खगोलशास्त्रज्ञांनी ग्रहाची व्याख्या ठरवली आणि प्लुटो यादीबाहेर गेला. सेरेसचंही तसंच झालं होतं: १८०१ मध्ये सापडला, काही दशकं ग्रह म्हणून मिरवला, मग लघुग्रहांच्या रांगेत बसला. पोराला सांगा, महापालिकेने वॉर्डांच्या हद्दी बदलल्या म्हणून रामबाग जागची हलत नाही.

विश्वाचं वय बदललं ती मात्र खरी दुरुस्ती. १९२९ च्या सुमाराला खगोलशास्त्रज्ञ हबल यांनी केलेल्या दीर्घिकांच्या मोजमापांवरून हिशेब केला तर विश्वाचं वय २०० कोटी वर्षांच्या आसपास यायचं. तिकडे खडकांवरून पृथ्वीचं वय त्याहून जास्त निघू लागलं. लेक आईपेक्षा थोरली! हे कुणी बाहेरच्याने येऊन दाखवलं नाही, याच लोकांना टोचत होतं. मग दीर्घिकांची अंतरं मोजण्यातली चूक सापडली, आकडे सुधारले, आता तो आकडा १३८० कोटींच्या आसपास आहे आणि पृथ्वीचा सुमारे ४५४ कोटी. आई आता लेकीपेक्षा मोठी आहे. त्या काळच्या ओढाताणीतूनच विश्वाला आरंभच नाही असं म्हणणारा दुसरा सिद्धान्त १९४८ मध्ये पुढे आला. फ्रेड हॉइल त्याचे एक जनक, आणि आपले जयंत नारळीकर पुढे त्यांचे सहकारी. १९६५ मध्ये अवकाशात सगळीकडून येणारं सूक्ष्मलहरींचं प्रारण सापडलं आणि बहुतेक खगोलशास्त्रज्ञ महास्फोटाच्या, म्हणजे विश्वाला आरंभ आहे असं म्हणणाऱ्या सिद्धान्ताच्या, बाजूला गेले. नारळीकर शेवटपर्यंत शंका घेत राहिले. त्यांची पुस्तकं तुमच्या कट्ट्यावर असणारच. इतका मोठा माणूस अल्पमतात असू शकतो, त्याचा मानही राहतो आणि तरी निकाल पुराव्यावर लागतो, हे मराठी मुलांना दाखवायला याहून जवळचं उदाहरण मला माहीत नाही.

सिद्धान्तावरून आठवलं. "थिअरी" हा शब्द मुलांच्या डोक्यात काय आहे ते एकदा विचारून बघा. आपल्या शाळांत थिअरी म्हणजे प्रॅक्टिकल नसलेला पेपर. घरी "ही त्याची थिअरी आहे" म्हणजे उगाच मारलेली फेक. उत्क्रांतीची थिअरी म्हटलं की मुलांना या दोहोंपैकीच काहीतरी वाटतं. हिंदी पुस्तकात परिकल्पना (आपलं गृहीतक), नियम आणि सिद्धांत असे तीन शब्द येतात, आणि सिद्धांत म्हणजे नियमाच्या वरची बढती असं मुलं धरून चालतात, कारकुनाचा हेडक्लार्क व्हावा तसं. नियम काय घडतं ते सांगतो, सिद्धान्त का घडतं ते. दोघांची खुर्ची वेगळी. पंधरा मिनिटं याला द्या, वर्षभराचा त्रास वाचेल.

आजोबांशी वाद घालू नका. मुलांसमोर तर मुळीच नाही. पोराला घरी त्यांच्याच शेजारी बसून जेवायचं आहे. त्यांना मात्र कट्ट्यावर बोलवा, दारात उभं ठेवू नका. पत्रिका हजारो वर्षं तीच आहे म्हणतात ना? त्यांच्याच घरातली अलीकडची एखादी पत्रिका उघडून बघायला सांगा. हर्षल (म्हणजे युरेनस), नेपच्यून आणि प्लुटो बहुधा तिथे बसलेले असतील. हर्षल १७८१ चा, नेपच्यून १८४६ चा, प्लुटो १९३० चा. ही मंडळी दुर्बिणीतूनच पत्रिकेत आली! हे हसत सांगितलं तर आजोबाही हसतील.

मग नारळीकरांनीच घेतलेली एक चाचणी सांगा. २००८ साली पुण्यात त्यांनी काही सहकाऱ्यांबरोबर आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या मदतीने २०० मुलांच्या जन्मवेळा गोळा केल्या, १०० हुशार विद्यार्थ्यांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या. ज्योतिष्यांना प्रत्येकी ४० पत्रिका दिल्या आणि कुठली कुणाची ते ओळखायला सांगितलं. २७ जणांनी उत्तरं पाठवली. नाणं उडवून जेवढी बरोबर आली असती त्याहून ती सरस नव्हती. पण तुमच्या कामाचा भाग निकालाचा नाही. निकाल सांगण्याआधी मुलांना आणि आजोबांना विचारा: किती बरोबर आली तर पत्रिका जिंकली म्हणायचं? आकडा आधी लिहून घ्या, आजोबांच्या हाताने. ही आधी लिहून घेण्याची सवय लागली, की पुस्तक वाचतानाही मुलं विचारू लागतात, काय दिसलं असतं तर हा लेखक "मी चुकलो" म्हणाला असता?

अजून एक रविवार आपल्या धारसाठी ठेवा, इंदूरपासून असं कितीसं लांब आहे? २०२३ च्या जानेवारीत संशोधकांनी धार जिल्ह्यात, नर्मदेच्या खोऱ्यात, टायटॅनोसॉर डायनोसोरांची ९२ घरटी आणि २५६ अंडी सापडल्याचं प्रसिद्ध केलं. त्याआधी तिथेच अंड्यात अंडं असलेला एक नमुनाही मिळाला होता. असं पक्ष्यांमध्ये दिसतं, म्हणून या प्राण्यांची अंडी घालण्याची रचना पक्ष्यांसारखी असावी असा तर्क संशोधकांनी केला. याबद्दलची वर्तमानपत्रातली एखादी बातमी किंवा पुस्तकातलं पान घ्या आणि मुलांना निळी-लाल पेन्सिल द्या. जे सापडलं त्याखाली निळी रेघ, जे त्यावरून ठरवलं त्याखाली लाल. पंधरा-सतरा सेंटिमीटरचे गोल दगड: निळी. ते कळपाने येऊन अंडी घालत: लाल. घरटी इतकी खेटून होती की पिल्लांची काळजी घेत नसावेत: अर्धं निळं, अर्धं लाल, आणि यावर मुलांचं एकमत होणार नाही. कुणी तरी विचारेल, लाल म्हणजे खोटं का सर? नाही रे बाबा. लाल रेघेखाली निळ्या रेघा किती आहेत ते मोज.

राहता राहिल्या प्राचार्यबाई. त्या अर्ध्या बरोबर आहेत. आपल्याच राज्यात १९७२ ते २००२ होशंगाबादचा विज्ञान शिक्षण कार्यक्रम चालला. त्यातल्या पुस्तकांत उत्तरं नसत, प्रयोग असत आणि प्रश्न असत. मुलं सवालीराम नावाच्या काल्पनिक माणसाला पत्रं लिहून शंका विचारत. (माझा हा धंदा त्या सवालीरामाकडूनच उचललेला आहे म्हणा ना.) पण नुसता प्रयोगही पुरत नाही. लिटमस लाल झाला, वहीत उतरवलं, सही घेतली, यात विज्ञान कितीसं आलं? पुस्तक आणि प्रयोग एकमेकांना भिडवायचे. त्याला इंदूरइतकी सोयीची जागा नाही, कारण ओल्या-सुक्या कचऱ्याचे दोन डबे तुमच्या प्रत्येक मुलाच्या घरी आहेत.

"इंदूर पद्धतीचं कंपोस्ट" जगभर माहीत आहे. १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शेतीशास्त्रज्ञ इथल्या वनस्पती उद्योग संस्थेत होते, आजचं कृषी महाविद्यालय आहे तिथे. बहुतेक पुस्तकं सांगतात: हॉवर्ड यांनी शोध लावला. पण १९३१ चं मूळ इंग्रजी पुस्तक दोघांच्या नावावर आहे, अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. वाड कुठे गेले? आणि चीनमधले शेतकरी शतकानुशतकं काय करत होते ते वाचून आपल्याला वाट सापडली, असं हॉवर्ड स्वतः मानत. ते शेतकरी कुठे गेले? मुलं आता ही विचारणा तुमच्या मदतीशिवाय करतील.

मग ढीग करा. पुस्तक म्हणतं, पालापाचोळा, शेण, माती, राख यांचे थर दिले, ओल राखली, मधूनमधून उलथवला, तर ढीग आतून तापतो आणि तीनेक महिन्यांत खत होतं. किती तापेल, तो आकडा प्रत्येकाने आधी लिहायचा. मी हे पहिल्यांदा केलं ते वर्गातल्या प्लॅस्टिकच्या बादलीत. आठ दिवस सकाळ-संध्याकाळ मोजलं, पारा हवेच्या तापमानापेक्षा दोन-तीन अंश वर, त्याच्यापुढे ढिम्म. मुलं म्हणाली, पुस्तक खोटं. मी म्हणणार होतो, तुम्ही नीट केलं नसेल. मग एका मुलाने बादलीला हात लावून विचारलं, "सर, एवढुशा ढिगातली गर्मी बाहेरच निघून जात असेल का?" शाळेच्या मागे कमरेएवढा ढीग केला तेव्हा चौथ्या दिवशी आतलं तापमान साठाच्या घरात गेलं. तोवर पुस्तक बरोबर की आम्ही, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि मुलं मधल्या सुट्टीत डबा टाकून तिकडे धावत होती.

तुमच्या गल्लीत जागा नसेल तर एखाद्या सार्वजनिक बागेतल्या खताच्या खड्ड्यापाशी माळीदादांची परवानगी काढून जा. थर्मामीटर पाऱ्याचा नको, फुटला तर घोटाळा. लाल द्रवाचा, ११० अंशांपर्यंतचा घ्या आणि बांबूच्या फटीत बांधून आत खुपसा. बाहेर काढून वाचायला जाल तर वाचेपर्यंत उतरतो, म्हणून आकड्यांचं टोक ढिगाच्या वर राहील असा बांधा. मोजायची वेळ रोज एकच ठेवा. आणि आजोबा सकाळी फिरायला जातातच, तर रविवार सोडून इतर दिवसांचे आकडे त्यांनाच घ्यायला सांगा.